बरडीची साक्ष

पाटलीणबाईंनी माझ्यासमोरचं ताट उचललं, ओसरीच्या पायऱ्या उतरल्या आणि ते म्हशीच्या घमेल्यात पालथं केलं. भाकर, अंबाडीची भाजी, वर कांदा. म्हशीनं मान वळवली आणि खायला लागली.

"आमच्या घरचं खाऊन आमालेच चोर ठरवून राहिली?" त्या म्हणाल्या.

"चोर हा शब्द माझ्या पुस्तकात कुठंही नाही," मी म्हणाले.

"मंग काय लिवलं?"

"गावची बरड तुमच्या घरानं नांगरली, एवढं लिहिलं."

"नांगरली तं नांगरली! नांगरल्याबिगर जमिनीले जमीन म्हनते का कोनी?"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दाराची कडी लावली. ज्या घरात मी दोन हिवाळे राहिले, ज्या घराच्या चुलीपाशी बसून तुरीच्या शेंगा सोलल्या, त्या घराच्या ओसरीवर मी खरकट्या हातानं उभी होते. हात धुवायला पाणीसुद्धा कुणी दिलं नाही. रांजण समोर होता, पण मला त्याला हात लावायचा नव्हता. ओढणीला हात पुसले आणि निघाले.

मी मानववंशशास्त्र शिकवत होते, अमरावतीच्या एका कॉलेजात. वाढले मात्र अकोल्यात, जठारपेठेत. आजोबा वकील, वडील वकील. घरी येणारे पक्षकार बहुतेक धुऱ्यावरून भांडणारे असत. दोन वावरांच्या मधल्या हातभर मातीवरून त्यांची आयुष्यं जायची. दोन्हीकडचे लोक आपापला म्हातारा घेऊन यायचे आणि दोन्ही म्हाताऱ्यांना वेगवेगळं आठवायचं. वडील वैतागायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायची. एकाच जमिनीबद्दल दोन माणसांना दोन गोष्टी इतक्या ठामपणे कशा आठवतात, याचा मला तेव्हापासून नाद लागला. पुढे त्याच नादाची नोकरी झाली.

अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे, आडवळणाला एक गाव मी अभ्यासाला निवडलं. लोकांबरोबर गावाबाहेर फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं, इथं आधी काय होतं? काम इतकंच. ऐकायला सोपं वाटतं. गावात हा प्रश्न विचारून पाहा. पहिल्या दिवशी लोक हसतात, आठवड्याभरानं तुमच्या मागे कोण आहे ते विचारायला लागतात.

राहायला जागा पाटलीणबाईंनी दिली. नवरा लवकर गेलेला, मुलगा लहान, दीर टपलेले. अशात या बाईनं सगळी शेती स्वतः केली. डोक्यावर पदर घट्ट, पायात पुरुषी चपला, हातात काठी. सालदारांना तिचा धाक होता आणि दिरांना त्याहून जास्त. मला ती बाई आवडायची, हे आधीच सांगून टाकते. आवडत नसती तर पुढं इतका राग आला नसता.

गावाच्या उगवतीला बरड होती. बरड म्हणजे मुरमाड चढाची जमीन. कागदावर ती ई-क्लास, म्हणजे सरकारनं गावच्या गुरांच्या चराईसाठी ठेवलेली. हिवर, बोर, पळस, पावसाळ्यात गुडघाभर गवत. असं सगळे सांगायचे. मी गेले तेव्हा तिथं वरपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती आणि ती पाटलीणबाईंची होती.

"हे आमच्या सासऱ्याच्या वक्तापासून वावर हाय," त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं.

गावचा जुना गायकी वेगळं सांगायचा. गायकी म्हणजे साऱ्या गावाची गुरं चारायला नेणारा. त्याच्याबद्दल कुणाचा भाबडा समज व्हायला नको. तोंडात सतत शिवी असलेला, बायकोला आणि पोरीला मारणारा माणूस होता तो. मी समोर बसलेली असताना त्यानं पोरीला चुलीतलं लाकूड फेकून मारलं. मी ओरडले तर म्हणाला, "तुमी तुमचं लिवा." आपण वाघाशी झुंजलो होतो, असंही त्यानं मला सांगितलं. त्यामुळे बरडीबद्दलचं त्याचं बोलणं मी तसंच उचललं नाही. पण ते इतरांनीही सांगितलं, दबक्या आवाजात, इकडंतिकडं पाहून. पाटील गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाटलीणबाईंनी अकोटवरून ट्रॅक्टर आणला, हिवर तोडले आणि बरड नांगरली. गुरं हाकलली. गायकी आडवा आला तर त्याला सालदारांकडून मार दिला. पुढं लोकांनी चारायला जागा नाही म्हणून एकेक जनावर विकलं आणि त्याचं काम संपलं.

आणि हे मला सगळ्यात स्पष्टपणे कुणी सांगितलं असेल, तर ते खुद्द पाटलीणबाईंनी. दुसऱ्या हिवाळ्यात, संध्याकाळी, शेंगा सोलताना त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "म्या सोता उभी राह्यली टॅक्टरपुढं. दीर म्हने, वैनी, सरकारी जमीन हाय. म्या म्हटलं, सरकार येईल तवा पाहून घेईन. बाईमानसानं असं काही केलं का लोकाइचे डोये फाटते." सासऱ्याच्या वेळची गोष्ट त्या संध्याकाळी त्या साफ विसरल्या होत्या. मी लिहून घेत होते, त्यांच्यासमोर, दिव्याच्या उजेडात. मी कशासाठी आले आहे हे त्यांना माहीत होतं. नावं मी बदलीन, हेही सांगितलं होतं. बदललीसुद्धा. पण गावात अशी एकच बरड आणि अशी एकच बाई. नाव बदलून काय होणार होतं?

पुस्तक आलं. अकोल्याच्या एका वर्तमानपत्रानं त्यातला तेवढाच भाग उचलून ठसठशीत मथळा दिला. अकोटच्या बाजारात कुणीतरी तो पाटलीणबाईंच्या दिराला वाचून दाखवला. दिरानं तो चवीनं घरी आणला. मी पुस्तकाची प्रत घेऊन गेले तोवर म्हशीचं घमेलं तयार होतं.

त्या दिवशी फाट्यापर्यंत चालत आले. तिथल्या टपरीवाल्यानं आजवर मला कितीदा चहा पाजला असेल. तो म्हणाला, "दूध सरलं, मॅडम." त्याच्या मागे पातेल्यात दूध उतू जात होतं. तेवढ्यात गायकी आला. मला वाटलं, निदान हा तरी बरं बोलेल. तो माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडला, "माह्यं नाव काहून नाई टाकलं? साऱ्या दुनियेले समजू दिलं असतं ना कोनाले मारलं ते! मले भेकड समजलं का?" मी त्याला नियम समजावायला लागले. तो थुंकला आणि निघून गेला. एसटी आली तेव्हा फाट्यावरची माणसं माझ्याकडं पाठ करून उभी होती.

त्यानंतर त्या गावाचं दार मला बंद झालं. पाटलीणबाईंचा मुलगा मोठा होऊन राजकारणात गेला. माझ्या विद्यार्थ्यांची एक सहल तिकडं निघाली होती, ती एका फोनवर रद्द झाली. प्राचार्य मला म्हणाले, "कशाला नसत्या वाकड्यात शिरता?" मी म्हणाले, शिरले तेव्हा सरळच होतं. त्यांना ते आवडलं नाही. मला त्यांचं काहीच आवडत नव्हतं.

मी काम तिवश्याकडं हलवलं. नागपूर रस्ता रुंद होत होता आणि कडेची जुनी झाडं जात होती. कुठल्या झाडाखाली काय झालं हे लोक भरभरून सांगायचे. झाडाचा मालक नसतो, म्हणून झाडाबद्दल माणसं खरं बोलतात, एवढं मला तिथं कळलं. काम चांगलं झालं, त्याचं कौतुकही झालं. पण रात्रंदिवस डोक्यात बरडच असायची.

पुण्यात परिसंवादाला बोलवायचे. चहाच्या वेळी कुणीतरी मान तिरकी करून विचारायचं, "गावकऱ्यांचा विश्वास कसा संपादन करता तुम्ही?" मी सांगायची, त्यांच्या घरी राहिले, त्यांचं अन्न खाल्लं, खरं लिहिलं आणि हाकलली गेले. ते हसायचे. वऱ्हाडी माणूस रोखठोक विनोदी असतो, असा त्यांचा समज. मग विचारायचे, "तिकडं ऊन फार असतं ना हो?" त्या लोकांविषयी माझ्या मनात काय होतं ते इथं लिहीत नाही.

बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. एका सकाळी अमरावतीत माझ्या फाटकासमोर मोठी पांढरी गाडी थांबली. पुढच्या दारातून पाटलीणबाईंचा मुलगा उतरला, कडक इस्त्रीचे कपडे, कपाळाला टिळा. मागचं दार उघडं राहिलं. आत पाटलीणबाई बसल्या होत्या. अंग सुटलेलं, गुडघे गेलेले, पण डोळे तेच. मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं माझं पुस्तक.

"आत या," मी मुलाला म्हणाले.

"घरात येनार नाई," गाडीतून आवाज आला. "तुह्या घरचं पानीबी घेनार नाई. इथंच बोल."

झालं होतं असं, की बरडीवर सूर्याच्या विजेचा प्रकल्प यायचा होता. एक कंपनी आली होती आणि सरकार तिला ही जमीन द्यायला निघालं होतं. सरकारी जमिनीवर कुणाचा फार जुना कब्जा असेल आणि तो सिद्ध झाला, तर ती त्याच्याकडं राहू शकेल, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं होतं. कब्जा जुना आहे हे सांगणारा छापील पुरावा जगात एकच होता आणि तो मी लिहिला होता.

"मॅडम, तुम्ही फक्त सुनावणीला साहेबांपुढं येऊन एवढं सांगा, की आमचं घर इतक्या वर्षांपासून बरड वाहतं," मुलगा म्हणाला. आवाजात लोणी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटातून, गरम असा आनंद झाला. मी गाडीपाशी गेले, दारावर हात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे मी खरं लिहिलं होतं?"

पाटलीणबाईंनी मांडीवरचं पुस्तक कपड्यात आणखी घट्ट गुंडाळलं.

"बोला की. त्या दिवशी ताट ओतलं होतं. आता तोंडानं सांगा, ही बाई खरं बोलली होती."

"मॅडम, आता जुनं कशाला..." मुलगा मध्ये पडला.

"खरंखोटं तुह्यापाशी ठेव," पाटलीणबाई म्हणाल्या. "माही जमीन चालली. तू येनार का नाई, तेवढं सांग."

"साहेबांनी बोलावलं तर येईन. पण सगळं सांगीन. नांगरली कधी, तेही सांगीन आणि कुणाला हाकलून नांगरली, तेही."

मुलानं आईकडं पाहिलं. आईनं काठीनं पुढची सीट ठोकली. "चाल. इचं थोबाड पाहासाठी आलो होतो का आपन?" गाडी वळली. पुस्तक त्यांनी बरोबर नेलं.

दोनच दिवसांनी फोन आला. गायकीची मुलगी, आता चाळिशीची, ग्रामपंचायतीची सदस्य. बाप केव्हाच वारला होता. तिनं नमस्कारसुद्धा केला नाही.

"मॅडम, आमाले बरड गुरांसाठी पायजे. आमच्या बायकांनी शेळ्या घेतल्या हायेत. तुमी सायबाले सांगा का थे गायरानच होतं, पाटलाच्या घरानं आत्ता-आत्ता घुसखोरी केली."

"आत्ता नाही केली. तू लहान होतीस तेव्हाच केली. तुला माहीत आहे."

"माईत हाय. पन आत्ता म्हनलं का काम होते."

"मी तसं सांगणार नाही."

"मंग तुमी तिच्या बाजूनं हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तालुक्याच्या कचेरीत सुनावणी झाली. खोलीत पंखा होता, तो फक्त साहेबांवर फिरत होता. एका भिंतीला पाटलीणबाईंची माणसं, दुसऱ्या भिंतीला गायकीची मुलगी आणि शेळ्यावाल्या बाया. मधे मी. जठारपेठेच्या घरी दाराआडून जे ऐकायची, ते आता माझ्यासमोर होतं, फक्त आणलेला म्हातारा म्हणजे मीच आणि दोन्ही बाजूंनी आणलेला.

मी सांगितलं. बरड गावच्या गुरांची होती. पाटील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात पाटलीणबाईंनी ती नांगरली. गायकीला मारलं, गुरं हाकलली. तेव्हापासून आजवर त्याच घरानं ती वाहिली.

"शेवटचं वाक्य नोंदवून घ्यावं, साहेब," मुलाचा वकील उठला.

"पह्यलंच लिवा, सायेब! पह्यलंच लिवा!" गायकीची मुलगी ओरडली.

"सगळं लिहा," मी म्हणाले, "नाहीतर काहीच लिहू नका."

दोन्ही भिंतींकडून एकदम आवाज उठला आणि तो माझ्यावर होता. इतक्या वर्षांत त्या दोन घरांचं कशावर एकमत झालं असेल, तर ते माझ्यावर. एका बाईनं मला बाटगी म्हटलं. का, ते तिलाच ठाऊक. साहेबांनी टेबल वाजवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेर लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर पाटलीणबाई बसल्या होत्या. मी जवळून जाताना त्यांनी काठी आडवी धरली.

"समाधान झालं तुह्यं?"

"झालं," मी म्हणाले.

"मंग जाय घरी."

आयुष्यभर वर्गात शुद्ध बोलले. त्या क्षणी ते गळून पडलं. "जाऊनच राहिली. तुमच्या घरी जेवाले नाई येत, घोर करू नोका."

"बलावलं कोनं?" त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडं न पाहता, "दुबळी झाली तू." मी थांबले नाही.

फाटकापाशी गायकीची मुलगी उभी होती. डोळे लाल. "माहा बाप मेला, तुमी आल्या नाई. त्याच्या माराची गोठ सांगू सांगू तुमी मोठ्या झाल्या. आज अर्धं सांगा म्हटलं, थेबी नाई केलं. तुमचं काम तरी काय हाय, मॅडम?"

तिच्या बापानं तिला मारलेलं लाकूड मला आठवत होतं, कपाळावरचा व्रण समोर दिसत होता. तोंडावर आलं होतं की तुझ्या बापाबद्दल मी अर्धंच लिहिलं, ते तुझ्याखातर. गिळलं. तेवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बोलले नाही.

जमीन कंपनीला गेली. माझ्या बोलण्यानं गेली असं दोन्हीकडचे सांगतात. माझ्या मते ती मी बोलायच्या आधीच गेली होती, सुनावणी हा उपचार होता. पऱ्हाटी उपटली, चढ सपाट केला, तारेचं कुंपण पडलं आणि काळ्या चकचकीत पाट्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. ना कापूस, ना शेळ्या. मग दोन्ही घरं एकत्र आली. कंपनीच्या फाटकासमोर मांडव पडला, मुलानं भाषणं केली, गायकीची मुलगी त्याच्या शेजारी बसली. तिथं एक नवीच गोष्ट तयार झाली. बरड साऱ्या गावाची होती आणि पाटलाच्या घरानं ती गावासाठी सांभाळली होती. कुणी कुणाला हाकललं नव्हतं. मी एकदा लांबून ऐकून आले. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, तेच म्हातारे ज्यांनी मला इकडंतिकडं पाहून सांगितलं होतं.

पाटलीणबाई पुढल्या उन्हाळ्यात गेल्या. बातमी कळली तेव्हा मी चिवळ निवडत होते. निवडून झाली, फोडणीला टाकली. तेराव्याला गेले नाही. कुणी बोलावलंही नव्हतं. रडू आलं नाही, राग मात्र तसाच राहिला. आणि ज्याच्यावर काढायचा ते माणूस गेलं, म्हणून तो जास्तच चढला. तिच्याइतकं तोंडावर बोलणारं त्या गावात दुसरं कुणी नव्हतं.

या हिवाळ्यात अकोटला एका लग्नाला गेले होते. परतताना त्या फाट्यावर एसटी बदलावी लागली. टपरी गेली होती. तिच्या जागी पक्का प्रवासी निवारा, आत सिमेंटचे बाक, वर मोठ्या अक्षरांत पाटी. गावाच्या गायरानाचं रक्षण करणाऱ्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, असं काहीसं. खाली, उद्घाटन गायकीच्या मुलीच्या हस्ते.

मी उन्हातच उभी राहिले आणि फोन लावला.

"तू उद्घाटन केलंस?"

"केलं," ती म्हणाली. मागे शेळ्यांचा आवाज येत होता.

"पाटी वाचलीस?"

"वाचता येते मले."

"तुझ्या बापाला कुणी मारलं होतं, विसरलीस?"

"नाई इसरली. मले कोन मारे थेबी नाई इसरली." तिनं एका शेळीला दटावलं. "पोरी शाळेत जाते त्या फाट्यावरून. पावसात भिजत होत्या. पाटलाच्या पोरानं शेड बांधून देतो म्हटलं, वर काय लिवाचं थे त्याचं त्यानं पाह्यलं. तुमाले पाटीचं पडलं, मॅडम. तुमी बसा ना आत, ऊन लागून राह्यलं असन."

"मी बसणार नाही."

"मंग राहा उभ्या," ती म्हणाली.

एसटी उशिरा आली. तोवर मी उभीच होते.